चांदीच्या थराची परीक्षा दुधात घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या अंकात सी. व्ही. रामन यांचा फोटो येतो, शाळांमधल्या विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या येतात. रामन यांच्या त्या १९२८ सालच्या शोधातून पुढे निघालेलं, चांदीच्या थरावर लेसर टाकून दुधातला औषधाचा अंश ओळखण्याचं एक तंत्र माझ्या रोजच्या कामाला फार उपयोगी पडू शकतं, पण ते अजून आमच्यापर्यंत आलेलं नाही. मी संगमनेर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेची सचिव आहे. लग्नाआधी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमची घरची गाय आटली होती, म्हणून संध्याकाळी संस्थेच्या दूध केंद्राच्या टाकीतलंच दोन लिटर दूध घरी नेलं. सकाळी बघते तर विरजण लागलेलंच नाही. सासूबाईंनी शेजारून दुसरं विरजण आणून पुन्हा लावलं, तरी दूध तसंच पातळ. त्या म्हणाल्या, “या दुधात काहीतरी औषध आहे.” दुपारी डेअरीचा फोन आला. आमच्या दुधात अँटिबायोटिक निघालं होतं आणि रात्रीची सगळी टाकी त्यांनी नाकारली होती. ५८० लिटर. दूध कोणाच्या गाईचं हे सांगायला काही मार्ग नव्हता, कारण तोवर चाळीस जणांचं दूध एकत्र झालेलं. नुकसान सगळ्यांच्या बिलातून वळतं झालं.

रात्री एक शेतकरी घरी आले. “वहिनी, माझीच गाय होती. कास दगडासारखी झाली होती, सडात ट्यूब सोडली. दूध घालू नका म्हणाले होते, पण नक्की किती दिवस ते ध्यानात राहिलं नाही.” त्या अँटिबायोटिकच्या ट्यूबची रिकामी पेटी त्यांनी सोबत आणली होती. त्यावर दूध किती दिवस वापरू नये हे लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत की मलाही ते खिडकीशी नेऊन वाचावं लागलं. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या त्या माणसाला मी काय बोलणार होते?

सासूबाईंचं विरजण ही प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, सगळ्यात जुनी चाचणी म्हणायला हवी. दही लावतात ते जिवाणू, आणि पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक त्यांनाच वाढू देत नाही. दूध उकळल्यानंही ते पुरतं जात नाही. दुधातल्या बेंझिलपेनिसिलिनची (पेनिसिलिनचाच एक प्रकार) आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला साधारण ४ मायक्रोग्रॅम आहे. मी वहीत हिशेब मांडला: एक ग्रॅम पेनिसिलिन अडीच लाख लिटर दुधाला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. एवढासा अंश फॅटच्या मशीनला किंवा लॅक्टोमीटरला कळत नाही, जिभेलाही कळत नाही.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आकडा लहान वाटतो. पण एका गाईचं दूध शंभर गाईंच्या दुधात मिसळलं की अंश पातळ होतो आणि गाय सापडायची राहते. म्हणून तपासणी व्हायला हवी ती प्रत्येकाच्या मापात, दूध टाकीत पडण्याआधी. तपासणीच्या पट्ट्या बाजारात आहेत आणि त्या चांगलं काम करतात. मात्र पट्टी ज्या औषधांच्या गटासाठी बनवलेली असते, तेवढाच गट तिला ओळखता येतो. शिवाय चाळीस जणांच्या दुधाला रोज दोन वेळा पट्टी लावणं आमच्या संस्थेला परवडत नाही. जिवाणू वाढवून करायची चाचणी स्वस्त पडते, पण तिला अडीच-तीन तास लागतात. तोवर टँकर निघून गेलेला असतो.

आता चांदीकडे येते. पदार्थावर लेसरचा प्रकाश टाकला की त्यातला फार थोडा, कोटीत एखादा कण म्हणावा इतका, रंग बदलून परततो. हाच रामन यांचा शोध. किती बदलून परततो हे त्या रेणूच्या घडणीवर अवलंबून असतं, त्यामुळे प्रत्येक औषधाची नक्षी वेगळी. अडचण एवढीच की ही खूण अतिशय क्षीण असते. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडीन या रसायनाची खूण अनपेक्षितपणे ठळक दिसली. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या जाँमेर आणि व्हॅन डाइन यांनी दाखवून दिलं की ही वाढ लाखो पटींची आहे आणि नुसतं पृष्ठफळ वाढल्यानं ती होत नाही. चांदीच्या सूक्ष्म कणांमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि दोन कणांमधल्या फटीत प्रकाशाचा जोर प्रचंड वाढतो. त्या फटीत औषधाचा रेणू सापडला, तर लेशमात्र असूनही ओळखता येतो. काचेवर किंवा साध्या गाळणकागदावर अशा कणांचा थर द्यायचा, वर नमुन्याचा थेंब टाकायचा आणि लेसर लावायचा. एकाच थेंबात दोन-तीन औषधं वेगवेगळी ओळखता येण्याची शक्यता इथे आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी हे थर स्वतः केले होते. ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट अर्धा लिटर पाण्यात उकळायचं, त्यात १० मिलिलिटर सोडियम सायट्रेटचं एक टक्क्याचं द्रावण घालायचं, तासभर उकळत ठेवायचं. पाणी हिरवट पिवळं, गढूळ होतं. तेच थेंब थेंब काचपट्टीवर वाळवायचे. बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नसत. रोडामाइन रंगाची खूण इतकी सुंदर यायची की आम्ही हरखून जायचो. मग एके दिवशी मी घरून आणलेलं दूध टाकून बघितलं, आणि काहीच दिसलं नाही. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश चांदीला आधी जाऊन चिकटले, औषधाला जागाच उरली नाही. एकाच काचपट्टीवर मधोमध एक आकडा यायचा आणि कडेला, जिथे थेंब वाळताना कण गोळा होतात, तिथे भलताच. पुढच्या महिन्यात थर काळवंडले. पैंजण काळे पडतात तसेच, हवेतल्या गंधकामुळे. गोठ्याशेजारच्या आमच्या केंद्रात तर उघडे ठेवलेले थर आणखी लवकर काळे पडतील.

म्हणून संशोधकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. अमुक इतका सूक्ष्म अंश ओळखला, हा आकडा स्वच्छ पाण्यातला असेल तर तो आमच्या कामाचा नाही. गाईच्या कच्च्या दुधातला आकडा सांगा, तोही कासदाह (कासेची सूज) झालेल्या गाईच्या दुधातला, कारण त्या दुधाची घडणच बदललेली असते. प्रथिनं साकळून नितळ पाणी वेगळं करायचं काम सकाळच्या गर्दीत मला किती मिनिटांत जमेल, ते सांगा. एका काचपट्टीच्या दहा जागी दहा आकडे येत असतील तर दहाही छापा. शेतकऱ्याचं दूध नाकारायचं असेल तर आकडा पक्का हवा. चुकीच्या आकड्यानं त्याचा दिवस बुडतो.

राहुरीचं कृषी विद्यापीठ आम्हाला जवळ आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या कोणी हे पत्र वाचलं तर सकाळी सहाला आमच्या केंद्रावर यावं.

सरकारकडेही दोन मागण्या आहेत. जनावरांच्या प्रत्येक प्रतिजैविकावर दूध किती दिवस घालायचं नाही हे मराठीत, मोठ्या आकड्यात छापलेलं असावं. आणि जो शेतकरी आपण होऊन सांगेल की माझ्या गाईला औषध चालू आहे, त्याला त्या दिवसांच्या दुधाचे निम्मे तरी पैसे मिळावेत. तसं झालं नाही तर चाचणी कितीही बारीक आली तरी लोक दूध लपवून घालतील, आणि मी त्यांना दोष देऊ शकणार नाही.

आमच्याकडून जे होण्यासारखं आहे ते आम्ही सुरू केलं आहे. गेल्या हंगामापासून औषध दिलेल्या गाईचं दूध आम्ही टाकीत घेत नाही, पण त्यातलं शंभर मिलिलिटर घेतो. बाटलीवर तारीख, औषधाचं नाव आणि ट्यूब सोडल्यापासून कितवा दिवस ते लिहून गोठवून ठेवतो. पहिल्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंतच्या, एकाच गाईच्या अशा बाटल्यांचे अकरा संच आज आमच्या फ्रीजमध्ये आहेत. ज्या प्रयोगशाळेला आपला थर खऱ्या दुधात तपासायचा आहे, तिने ते घेऊन जावेत. पैसे नकोत, फक्त प्रत्येक बाटलीचा निकाल आम्हाला कळवावा.

आपली,
एका दूध संस्थेची सचिव
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर