नळ कोरडा पडल्यावर मिळणारी सूचना : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नगरपरिषदा व नगरपंचायतींनी रहिवाशांना द्यायच्या सूचनांची रीत ठरवून देणारा शासन निर्णय काढण्याबाबत

महोदय,

मुख्य जलवाहिनी फुटली की दोन दिवस पाणी येणार नाही, हे अभियंत्याला, व्हॉल्व्हमनला आणि ठेकेदाराला आदल्या रात्रीच ठाऊक असते. गल्लीला ते सकाळी नळाखाली कळशी लावल्यावर कळते. माहिती होती, लपवलेलीही नव्हती. ती पोचवणे हे कुणाचेच काम नव्हते, एवढेच. आमचे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. कार्यालयांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी असे सांगणारे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधले कलम 4 पुरेसे आहे. त्यातल्या 17 बाबी 120 दिवसांत प्रसिद्ध करा, एवढेच आपल्या कार्यालयांनी लक्षात ठेवले. एकदा फाईल केली, संकेतस्थळावर चढवली, विषय संपला. पण त्याच कलमाचे चौथे पोटकलम सांगते, की माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती, हे पाहावे. स्पष्टीकरणात सूचना फलक, वर्तमानपत्रे आणि जाहीर घोषणा ही साधने इंटरनेटच्याही आधी येतात. दवंडी कायद्याला मान्य आहे. आपणच ती बंद केली.

लहान शहरांत आजवर ही उणीव नगरसेवक भरून काढत असे. पाणी का नाही, हे त्याच्या दारात जाऊन विचारता यायचे. अनेक ठिकाणी बराच काळ प्रशासक होते तेव्हा तेही दार बंद झाले, आणि मग कळले की व्यवस्था अशी काही नव्हतीच, एका माणसाचा फोन होता. आता निवडून आलेले सदस्य असोत की प्रशासक, सूचना कुणाच्या फोनवर अवलंबून राहू नये.

पाणी बंद असल्याची सूचना आज बहुधा अशी असते : 'तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा विस्कळीत राहील, नागरिकांनी सहकार्य करावे.' यातून कुणाला काय करायचे ते समजत नाही. 'काही भाग' म्हणजे कोणता? प्रभाग क्रमांक लिहून भागत नाही. प्रभाग मतदानासाठी आखलेले असतात, पाणी जलकुंभानुसार येते, आणि एकाच प्रभागात दोन टाक्यांचे पाणी येत असते. म्हणून आधी जलकुंभाचे नाव आणि त्याखाली लोक बोलताना वापरतात त्या नावांनी गल्ल्या, आळ्या, वसाहती लिहाव्यात. वार, तारीख आणि वर्ष लिहावे. पाणी किती वाजता बंद होणार आणि कधी परत येण्याचा अंदाज आहे, हे वेगवेगळे लिहावे. कारण एका ओळीत पुरते. टँकर कुठे उभा राहणार, विचारायचे असल्यास कोणत्या क्रमांकावर, आणि पुढची सूचना किती वाजता मिळेल, हेही हवे. शेवटची बाब सगळ्यांत जास्त विसरली जाते. काम लांबले तर लोक चिडतात ते लांबल्यामुळे कमी, कुणी काही सांगत नाही यामुळे जास्त.

पाणी परत आल्यावरही एक सूचना लागते, आणि ती जवळपास कुठेच दिली जात नाही. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते, आतला दाब जातो आणि जिथे सांधे गळके आहेत किंवा वाहिनी गटाराशेजारून गेली आहे तिथून बाहेरचे पाणी आत शिरते. म्हणून पहिले पाणी गढूळ येते. ते पिण्यासाठी भरू नये, स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यावे किंवा फरशी-शौचालयाला वापरावे, आणि त्या दिवशी पिण्याचे पाणी उकळावे, असे स्पष्ट सांगायला हवे. पाणी आधी सखल भागात येते, उंचावरच्या आणि टोकाच्या घरांना उशिरा. तेही लिहिले तर 'शेजारच्या गल्लीत आले, आमच्याकडे का नाही' हे निम्मे फोन थांबतील. टोकाच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. तो तपासून आकडा फलकावर लिहायला कर्मचाऱ्याला फार वेळ लागत नाही.

आता ही सूचना पोचवायची कशी? घंटागाडी जवळजवळ प्रत्येक गल्लीत जाते आणि तिच्यावर भोंगा असतोच. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत रोज जाणारे नगरपरिषदेचे हे एकमेव वाहन आहे. त्यावर दिवसभर स्वच्छतेचे गाणे वाजते. गाणे राहू द्या, मध्ये वीस सेकंद द्या. गाडी एका दारासमोर त्याहून फार थांबत नाही, म्हणून मजकूर चाळीस शब्दांच्या आत बसवावा आणि लगेच पुन्हा वाजवावा. सुरुवात 'नगरपरिषदेच्या वतीने सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' अशी केली तर गाडी पुढे गेलेली असते. आधी वस्तीचे नाव घ्यावे, कारण आपल्या आळीचे नाव ऐकले की माणूस कान देतो. मग काय बंद, मग कधीपासून कधीपर्यंत. ध्वनिमुद्रण पंखा बंद करून, बंद खोलीत करावे. 'उद्या' हा शब्द वापरू नये, वार सांगावा. पेनड्राइव्हमध्ये कालची फाईल राहून गेली की 'उद्या पाणी नाही' हे तिसऱ्या दिवशीही वाजते, आणि एकदा असे झाले की लोक भोंगा ऐकणे सोडून देतात. जुनी फाईल पुसल्याशिवाय नवी भरायची नाही, एवढा नियम पुरे.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे सकाळीच कामावर जातात, त्यांच्यासाठी फलक हवेत, पण ते नगरपरिषदेच्या जिन्याखाली नकोत. लोक जिथे थांबतात तिथे लावावेत : रेशन दुकान, पिठाची गिरणी, दवाखाना, एसटी स्थानक. शीर्षकाची अक्षरे तीन मीटरवरून वाचता येण्यासाठी साधारण 25 मिलिमीटर उंच, बाकीची सेंटीमीटरभर. काचेच्या पेटीची किल्ली एकाच शिपायाकडे असते आणि तो रजेवर असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसरी किल्ली आवक-जावक टेबलावर ठेवावी. मुदत संपलेला कागद काढणे हे लावण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. आणि फलकावर वाढदिवसाचा फ्लेक्स चढला तर तो उतरवण्याची हिंमत मुख्याधिकाऱ्यांना शासनाने लेखी द्यावी.

व्हॉट्सॲपवर सूचना जाते ती बहुधा चित्र म्हणून. निम्मे चित्र मान्यवरांच्या छायाचित्रांनी भरते. वर्ष आणि जावक क्रमांक नसल्याने तेच चित्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फिरते आणि लोक रात्री जागून पिंपे भरतात. अंध व्यक्तीच्या फोनला चित्रातला मजकूर बऱ्याचदा वाचून दाखवता येत नाही. म्हणून चित्रासोबत तोच मजकूर युनिकोड मराठीत टंकून पाठवावा. जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमध्ये शोध घेता येत नाही, नक्कल केली की अगम्य चिन्हे उमटतात. संकेतस्थळावर तारीखवार साध्या याद्या हव्यात. वर्षानुवर्षे लुकलुकणाऱ्या 'नवीन' पट्ट्या काढून टाकल्या तरी चालतील.

रोजच्या कामांच्या माहितीचीही हीच गत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित म्हणजे ती सेवा देण्यास जबाबदार अधिकारी आणि अपिलीय अधिकारी दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी हा फलक रंगाने रंगवला जातो, अधिकाऱ्याची बदली होते आणि नाव तसेच राहते. पदनाम रंगवा, नावाची पट्टी सरकवता येईल अशी ठेवा. त्याच भिंतीवर जन्मनोंदणीच्या चार ओळी असाव्यात : घटना 21 दिवसांत कळवली तर शुल्क नाही, त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालय नोंद करते, पण बाळाचे नाव नंतर घालावे लागते. ते 12 महिन्यांत विनाशुल्क होते, हे पालकांना शाळेच्या प्रवेशावेळी कळते.

हरकतींच्या सूचनांबाबत आम्ही जास्त आग्रही आहोत. शहरातल्या जागांचा वापर ठरवणाऱ्या विकास योजनेत फेरबदल करताना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचनेत मात्र गट क्रमांक आणि सर्व्हे क्रमांक असतात, 'मराठी शाळेमागचे मैदान' असे कुठेच नसते. ज्या जागेचा वापर बदलणार त्या जागेवरच एक फलक आणि शेवटची तारीख ठळक, एवढे केले तर हरकती वाढतील. काहींना ते गैरसोयीचे वाटेल.

मैदान, नाट्यगृह, सभागृह यांचे आरक्षण, वाचनालयाच्या वेळा, लसीकरणाचे दिवस यांचे महिन्याचे एकच पान पुरे. आरक्षणाची वही कारकुनाच्या कपाटात असते. तिचा फोटो दर सोमवारी फलकावर लावला तरी 'तारीख शिल्लक नाही' हे उत्तर कमी वेळा ऐकू येईल.

शासन निर्णयात म्हणून तीनच गोष्टी हव्यात. प्रत्येक नगरपरिषदेत सूचना देण्याची जबाबदारी असलेले एक पद आणि त्याच्या रजेच्या दिवशीचे दुसरे पद, नावानिशी. नियोजित कामाची सूचना किमान 24 तास आधी, अचानक बिघाड झाल्यास दोन तासांत, आणि काम संपल्यावर पुन्हा. आणि एक नोंदवही : सूचना कधी निघाली, कोणत्या गाडीवर वाजली, कोणत्या फलकावर लागली. नवे ॲप काढू नये. आधीची किती ॲप फोनवर उघडत नाहीत, ते आपल्याच विभागाने तपासून पाहावे.

मसुदा लिहिण्याआधी दोन-चार नगरपरिषदांचे व्हॉल्व्हमन आणि घंटागाडीचे चालक समोर बसवून घ्यावेत. कोणत्या आळीला कोणत्या टाकीचे पाणी जाते आणि गाडी कुठे वळत नाही, याचे नकाशे बहुतेक ठिकाणी त्यांच्याच डोक्यात आहेत. ते कागदावर उतरवणे हे पहिले काम.

आपले,
नगरपरिषद हद्दीतील रहिवासी