युनियनच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी

चि. मनू हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शिक्षकांच्या युनियनकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा अर्ज तू अर्धा भरून तसाच ठेवून दिला आहेस, हे मला तुझ्या बाबांकडून कळले. त्यामागची तुझी दोन कारणेही त्यांनीच सांगितली. एक म्हणजे तुला शिक्षिका व्हायचे नसून नर्सिंगला जायचे आहे, तेव्हा शिक्षकांच्या पैशावर आपला काय हक्क, असे तुला वाटते. आणि दुसरे असे की घरात दरमहा किती पैसा येतो हे अनोळखी माणसांना लिहून कळवणे म्हणजे हात पसरण्यासारखे आहे. या विषयावर आपण दोघी तोंडी बोलायला बसलो की बोलणे हां हां म्हणता कॉलेजच्या नावांवर घसरते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी हक्काचे बघू. मी ज्या युनियनची सभासद आहे, ती न्यूयॉर्क शहरातली युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स १९६० साली स्थापन झाली. नाव शिक्षकांचे असले तरी तिच्यात समुपदेशक आहेत, थेरपिस्ट आहेत, परिचारिका आहेत आणि माझ्यासारख्या पॅराप्रोफेशनल, म्हणजे वर्गात शिक्षकांच्या हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यकही आहेत. आमच्या आधीच्या पिढीतल्या साहाय्यकांनी १९६९ साली मतदान करून या युनियनला आपली प्रतिनिधी निवडले. त्यांच्यापैकी बहुतेक जणी शाळेच्या आसपासच्या काळ्या आणि पोर्टोरिकन वस्त्यांत राहणाऱ्या माता होत्या. १९७० साली त्यांचा पहिला करार झाला, तेव्हा पगारवाढीबरोबर त्यांच्या स्वतःच्या कॉलेजशिक्षणाची तरतूदही मान्य करून घेतली गेली, आणि त्या वाटेने पुढे अनेक जणी शिक्षिका झाल्या. न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कुलांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी युनियनने कॉलेज-शिष्यवृत्तीचा जो निधी उभा केला, तोही १९६९ सालचाच. आज तो युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आदल्याच वर्षी, शाळांचा कारभार कोणाच्या हाती असावा या वादातून झालेल्या १९६८ च्या शिक्षकांच्या संपात, युनियन आणि त्याच वस्त्यांतले कितीतरी पालक एकमेकांसमोर उभे ठाकले होते, आणि तो कडवटपणा शहरात बरीच वर्षे टिकला. त्यामुळे या सगळ्यामागे निव्वळ दानत होती असे मी तुला सांगणार नाही. पालकांचा विश्वास परत मिळवण्याची गरजही त्यात असणार, असे माझे मत आहे. पण त्यातून जे उभे राहिले ते चांगले आहे, आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांत तू बसतेस.

तू त्यांत कशी बसतेस हे नीट लक्षात घे, कारण तुझा गोंधळ नेमका इथे झाला आहे. युनियनच्या शिष्यवृत्त्या साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात सभासदांचीच मुले येतात. आमच्या युनियनची राष्ट्रीय संघटना म्हणजे १९१६ साली शिकागोत स्थापन झालेली अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स. ती रॉबर्ट पोर्टर यांच्या नावाने सभासदांच्या मुलांना ८,००० डॉलरची शिष्यवृत्ती देते आणि ती रक्कम कॉलेजच्या चार वर्षांत विभागलेली असते. पोर्टर हे त्या संघटनेचे अनेक वर्षे सचिव-खजिनदार होते. या शिष्यवृत्तीसाठी मुलाने शिक्षकच व्हावे अशी अट नाही. कामगार चळवळ, शिक्षण, आरोग्यसेवा किंवा सरकारी सेवा यांपैकी एका क्षेत्राकडे त्याचा ओढा असावा, एवढीच अपेक्षा आहे. नर्सिंग आरोग्यसेवेत येते की नाही हे मी तुला सांगायला नको. शिवाय हजारो परिचारिका याच संघटनेच्या सभासद आहेत. दुसऱ्या प्रकारच्या शिष्यवृत्त्या शहरातल्या कोणत्याही मुलाला खुल्या असतात. शँकर निधी त्यांपैकी आहे. तिथे आई युनियनमध्ये आहे की नाही याला महत्त्व नसते. मूल सरकारी हायस्कुलात शिकलेले असावे, त्याचे गुण चांगले असावेत आणि घरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे, एवढेच पाहिले जाते. तेव्हा एका ठिकाणी तू माझी मुलगी म्हणून अर्ज करतेस आणि दुसऱ्या ठिकाणी या शहराची मुलगी म्हणून. दोन्ही अर्ज वेगळे, त्यांच्या मुदती वेगळ्या आणि त्यांत विचारलेले प्रश्नही वेगळे. एकासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्यात जसाच्या तसा डकवू नकोस.

देशभरातल्या लहान लहान स्थानिक युनियनाही आपापल्या गावातल्या मुलांना काही शे डॉलरांपासून मदत करतात. तिथे निधी कुठे वर्गणीतून येतो, कुठे लॉटरीच्या तिकिटांतून, कुठे एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या देणगीतून. वर्गणीपुरते बोलायचे तर एक गोष्ट तुला ठाऊक असावी. २०१८ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात असा निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्याने युनियनला पैसे दिलेच पाहिजेत अशी सक्ती करता येणार नाही. त्या दिवसापासून सरकारी शाळेतला जो कोणी वर्गणी देतो, तो ‘देतो’ म्हणून स्वखुशीने सही करून देतो. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरची ती कपात मी बंद करू शकते. मी ती चालू ठेवली आहे. हे पैसे घेताना तुला संकोच वाटत असेल, तर ते कोणाच्या खिशातून जबरदस्तीने काढलेले नाहीत, एवढे तरी मनात धर.

आता उत्पन्नाच्या रकान्याविषयी. तुला हात पसरल्यासारखे वाटते ते मी समजू शकते, परंतु गरज पाहून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीत तो रकाना नसेल, तर ज्याच्या घरी दोन भरभक्कम पगार येतात आणि ज्याच्या घरी एक अपुरा पगार येतो, अशा दोघांमध्ये निवड करणाऱ्यांनी करायची कशी? कॉलेजसाठी सरकारी मदत मागण्याचा जो फॅफ्सा नावाचा अर्ज असतो, तो भरताना आपण हीच माहिती देणार आहोत, आणि तिथे तुला संकोच वाटत नाही, कारण समोर सरकार आहे, माणसे नाहीत. फरक इतकाच आहे. खरा आकडा लिहायचा, कमी करूनही नाही आणि वाढवूनही नाही, आणि त्याखाली एकही करुण वाक्य जोडायचे नाही. आकड्याला आपले काम करू दे. कराच्या विवरणपत्राची प्रत मागितली असेल तर ती मी देईन. आणि अर्ज करण्यासाठीच कोणी फी मागत असेल, तर ती शिष्यवृत्ती नसून फसवणूक आहे असे धरून चाल.

पैशाबद्दल आणखी एक कटकट आहे, ती आधीच समजलेली बरी. बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती कॉलेजच्या आर्थिक साहाय्य विभागाला कळवावी लागते, आणि मग काही कॉलेजे तेवढ्या रकमेने आपले स्वतःचे अनुदान कमी करतात. म्हणजे मुलीने कष्टाने मिळवलेले दोन हजार कॉलेजचे वाचतात आणि मुलीचे बिल होते तेवढेच राहते. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो, आणि तसे वाटणारी मी एकटी नाही. मेरीलँड राज्याने २०१७ साली आपल्या सरकारी कॉलेजांना असे करायला कायद्याने आळा घातला आणि नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. तेव्हा प्रवेशाचे पत्र आले की त्या त्या कॉलेजला लेखी विचारायचे: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी कर्ज आणि वर्क-स्टडी (म्हणजे शिकता शिकता काम करून मिळवायचे पैसे) कमी करता, की अनुदान? उत्तर कसे येते त्यावरूनही कॉलेज कळते. कराचेही थोडे लक्षात ठेव. शिकवणी शुल्क, फी आणि अभ्यासाला लागणारी पुस्तके यांवर खर्च झालेल्या शिष्यवृत्तीवर आयकर लागत नाही. खोलीभाडे आणि जेवण यांवर खर्च केलेला भाग मात्र उत्पन्नात धरला जातो.

आता तुझ्या निबंधाविषयी, आणि इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे, कारण तो वाचणारी माणसे कशी असतात हे मी रोज पाहते. अशा अर्जांवर नजर फिरवणारे बहुधा सेवेतले किंवा निवृत्त शिक्षकच असतात. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाला भरीव वाक्य कोणते आणि पोकळ कोणते हे पहिल्या परिच्छेदातच कळते. आमच्या शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक जेवणाच्या सुट्टीत एका हातात सँडविच धरून शिफारसपत्रे लिहितात. परवा एका मुलाचे पत्र लिहिताना ते मध्येच थांबले. त्या मुलाने दिलेल्या माहितीच्या कागदावर ‘मी मेहनती आहे, मला नेतृत्वाची आवड आहे’ असे लिहिलेले होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, ‘तुम्ही त्याच्याच टेबलाजवळ असता, प्रयोगाच्या तासाला हा नक्की करतो काय?’ मी सांगितले की इंग्रजी अजून न जमणाऱ्या जोडीदाराला तो प्रत्येक पायरी चित्र काढून दाखवतो, आणि त्यामुळे त्या टेबलाचा प्रयोग नेहमी सर्वांत शेवटी संपतो. त्यांनी लगेच ते लिहून घेतले आणि ‘नेतृत्व’ हा शब्द खोडून टाकला.

तू आजीच्या आजारपणात औषधांच्या वेळांचा जो तक्ता करून फ्रिजवर लावला होतास, आणि रक्तदाबाची गोळी चुकून दुबार दिली जाऊ नये म्हणून दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे सही करण्याची सक्ती आम्हा सर्वांवर केली होतीस, त्याबद्दल तुझ्या मसुद्यात एक अक्षरही नाही, असे बाबा म्हणाले. त्याऐवजी ‘लोकांची सेवा करण्याची मला लहानपणापासून ओढ आहे’ असे काहीसे आहे म्हणे. ते वाक्य काढून टाक. तो तक्ता लिही, आणि बाबांनी सही न करता गोळी दिली म्हणून तू त्यांना कशी बोललीस तेही लिही.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना मुदतीच्या निदान तीन-चार आठवडे आधी विचार, आणि विचारताना तू कोणकोणत्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करत आहेस, प्रत्येकीची मुदत कधी आहे आणि पत्र कुठे पाठवायचे आहे, एवढे एका कागदावर लिहून दे. काउन्सेलरबाईंकडे शेकडो मुले असतात. ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे हायस्कूलच्या गुणपत्रकाची, मागणी त्यांच्याकडे आजच नोंदव.

निबंध मला दाखवायचा नसेल तर दाखवू नकोस. तो तुझा आहे. उत्पन्नाचा रकाना मात्र माझ्याशिवाय भरू नकोस. या रविवारी तुझी मराठी शाळा सुटली की विवरणपत्र घेऊन आपण दोघी बसू, आणि त्याआधी पोर्टर शिष्यवृत्तीच्या अर्जावर माझा सभासद क्रमांक लागतो का, ते मी आमच्या चॅप्टर लीडरला, म्हणजे शाळेतल्या युनियनच्या प्रतिनिधीला, विचारून ठेवते.

तुझी,
आई