काका, लाल रेघांची वही अजून चालू आहे

आदरणीय काका,
सा. न.

लेकीकडे राहायला जाताना तुम्ही निरोपाचा कार्यक्रम नको म्हणालात, हारही नको म्हणालात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी तुम्ही जे सांगायचात ते या खोलीपर्यंत न पोचलेल्यांनाही हवं आहे. काम गेलेली माणसं भोसरीत आहेत तशी चाकणला, वाळूजला, सातपूरलाही आहेत.

तुमची सगळी नोकरी कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेली. माणूस कामावर घेताना आणि काढताना कागद कसे फिरतात, कुठे अडकतात, हे तुम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं. ते अलीकडच्या माणसाला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, आणि एक रुपया न घेता. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

नोकरी गेलेला माणूस आला की पहिल्यांदा बायोडेटा पुढे करतो. तुम्ही तो बाजूला ठेवायचात आणि पिशवीतले सगळे कागद मांडायला सांगायचात. दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, पीएफच्या सदस्य-पोर्टलवरचा छापील उतारा, एकाखाली एक. मग पट्टी ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून पाहायचं. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी. तो फरक खपतो. पण चौधरीच्या शेवटी एकीकडे आय आणि दुसरीकडे वाय असेल, वडिलांच्या नावात एक ए जास्त असेल, तर तीन महिन्यांनी निवड झाल्यावर, ऐन रुजू होण्याच्या आठवड्यात, पडताळणीवाल्यांचा मेल येतो आणि सगळं थांबतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर हमखास: शिक्षण माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. तिथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं शासन राजपत्र लागतं, आणि ते एका दिवसात मिळत नाही. दुरुस्तीचा क्रमही तुम्ही ठरवून दिला होता. आधी आधार, मग पॅन, मग पीएफ, कारण पीएफची नोंद आधारवरूनच तपासली जाते. नव्या खात्यांत बऱ्याच दुरुस्त्या सदस्याला स्वतः करता येतात. जुन्यांना आधीच्या कंपनीची मंजुरी लागते, म्हणून तिथल्या लोकांशी बोलणं आहे तोवर हे काम उरकून घ्यायचं. काम शोधायच्या महिन्यांत ही दुरुस्ती होऊन जाते. निवड झाल्यावर तिला वेळ उरत नाही.

दुसरी जागा कंपनी सोडल्याच्या तारखेची. बाहेर पडताना लोक शेवटचा पगार मोजतात, पण पीएफच्या नोंदीत कंपनीने 'एक्झिट'ची तारीख टाकली की नाही हे पाहत नाहीत. ती नसेल तर माणूस अजून जुन्या कंपनीतच आहे असं नव्या कंपनीला दिसतं, आणि खातं पुढे वळवतानाही अडचण येते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ही तारीख सदस्याला स्वतः टाकता येते. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, तारीख त्याच महिन्यातली हवी. एकदा टाकली की ती सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून आधी कार्यमुक्तीचं पत्र हातात घ्यायचं, त्यावरची तारीख बघायची आणि तीच टाकायची. बायोडेटात महिने पुढे-मागे ओढून रिकामा काळ झाकणाऱ्यांना तुम्ही हेच पीएफचं पान दाखवायचात. कोणत्या महिन्यात माणूस कोणाकडे होता ते तिथे लिहिलेलं असतं. रिकामा काळ सांगितल्याने निवड क्वचितच जाते, खोट्या तारखेने मात्र हमखास जाते.

पीएफ काढायचा विषय आला की तुमचा आवाज चढायचा. तो का चढायचा हे आकडे मांडले की कळतं. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर ती रक्कम करपात्र होते, आणि ती 50,000 रुपये किंवा जास्त असेल तर पॅन जोडलेलं असतानाही 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कर, कापला जातो. खातं पुढच्या कंपनीत वळवलं तर आधीची वर्षं त्या पाचात धरली जातात. पीएफबरोबरच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सात वर्षं भरलेला माणूस पेन्शनचे पैसे उचलतो आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे भरलेल्या सेवेचा पीएफ कार्यालयाचा दाखला, घेतलं तर ती सात वर्षं राहतात. घरात चूल पेटायची अडचण असेल तर काढायलाच हवा, हे तुम्हीही मान्य करायचात. पण मोबाइलचा हप्ता भरायला पीएफ मोडू द्यायचा नाहीत.

ठेकेदाराकडून आलेल्या पोरांना आणखी एक काम असायचं. पगारपत्रकावर पीएफ कापलाय, पण पासबुकात जमा आहे का? एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. पत्रकं एका बाजूला, पासबुक दुसऱ्या बाजूला, महिना-महिना खूण करत जायचं. खाडे निघाले तर पत्रकांच्या प्रती जोडून पीएफ कार्यालयाकडे लेखी तक्रार करायची. पगारपत्रक फेकलेल्याला इथेच हात चोळत बसावं लागतं.

आणि मग वही. दोनशे पानी लाँगबुक, लाल पेनाने आखलेले सहा रकाने: तारीख, कंपनी आणि जागा, अर्ज कुठून केला, कोणता बायोडेटा पाठवला, कोणाशी बोललो, पुन्हा कधी विचारायचं. नुसती नोंद ठेवायला ती नव्हती, हे आम्हाला हळूहळू उमगलं. कुठे अडतंय ते ती वही सांगते. तीसेक अर्ज गेले आणि एकही फोन नाही, तर दोष बायोडेटात आहे किंवा आपण चुकीच्या जागांना अर्ज करतोय. फोन येतात पण मुलाखतीला बोलावत नाहीत, तर पगाराचा आकडा, गाव किंवा रुजू होण्याची तारीख आड येतेय. पहिल्या फेरीत पडतोय, तर विषयाची उजळणी कमी. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहतंय, तर पगाराची बोलणी किंवा कागद. चारही ठिकाणचं औषध वेगळं आहे. वही नसली की माणूस चारही दुखण्यांवर एकच उपाय करतो, आणखी शंभर अर्ज पाठवतो. वर स्वतःलाच कमी समजायला लागतो. महिनोन्‌महिने नकार ऐकणाऱ्याला 'तू कमी नाहीस, तुझं तिसऱ्या रकान्यात अडलंय' असं बोट ठेवून दाखवणं, काका, याहून मोठी मदत आम्ही पाहिलेली नाही.

विचारणा कधी करायची तेही त्याच वहीत. मुलाखतीनंतर आठवड्याने एक मेल, चार ओळींचा. पंधरवड्याने एक फोन, तोही सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान. त्यानंतर ओळीवर फुली मारायची नाही, नुसता ठिपका द्यायचा. 'जागा सध्या थांबवली आहे' म्हणणाऱ्या कंपन्या नव्या आर्थिक वर्षाचं बजेट मंजूर झालं की एप्रिल-मेमध्ये त्याच जागा पुन्हा काढतात. तेव्हा जुनी ओळख सांगून फोन करता येतो.

बायोडेटाबद्दल तुम्ही फार वेळ घालवायचा नाहीत, आम्हीही घालवत नाही. दोन पानं, एकच साधा रकाना, फोटो आणि चौकटी नाहीत, कारण कंपन्यांची छाननी करणारी सॉफ्टवेअरं चौकटीतला मजकूर अनेकदा उलटासुलटा वाचतात. पीडीएफच्या नावात स्वतःचं नाव आणि पद. बेकार असण्याचा एकच फायदा आहे आणि तो वरच्या तिसऱ्या ओळीतच लिहायचा: 'लगेच रुजू होऊ शकतो'. साठ-नव्वद दिवसांच्या नोटिशीत अडकलेल्या उमेदवारांपुढे हे वाक्य वजनदार ठरतं. नोकरीच्या संकेतस्थळांवरची माहिती दर सोमवारी थोडीशी बदलून जतन करायची, म्हणजे ती ताजी दिसते.

पगाराची बोलणी करताना लोक फसतात ते सीटीसीला, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाला, हातात येणारा पगार समजून. तुमचा फळ्यावरचा हिशोब आम्ही अजून तसाच मांडतो. वर्षाला 4,80,000, म्हणजे महिन्याला 40,000. मूळ पगार 20,000 धरला तर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 2,400 आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्क्यांनी 962 त्यातूनच वजा. मग आपला पीएफ 2,400, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 34,038. त्यातच बोनस किंवा मेडिक्लेमचा हप्ता धरला असेल तर आणखी कमी. आधीच्या ठिकाणी हातात 35,000 घेणारा माणूस 40,000 ऐकून खूश होतो आणि पहिल्या पगाराला हबकतो. म्हणून 'हातात किती' हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करायच्या आधी, आणि मेलवर.

फसवणुकीबद्दल तुम्ही भिंतीवर कागद चिकटवला होता, तो पावसाने ओला झाला म्हणून नवा लिहिलाय. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाचा खर्च, यांतलं काहीही मागितलं की फोन ठेवायचा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. पासबुक किंवा एटीएम कार्ड तर नाहीच, तुमच्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवतात आणि पोलिस तुमच्या दारात येतात. घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देऊन आठवड्याने 'चुका झाल्या, करारभंगाचा दंड भरा' अशी वकिलाच्या नावाची नोटीस आली तर घाबरून पैसे पाठवायचे नाहीत. टेलिग्रामवर रेटिंग देऊन पैसे मिळवण्याचं काम आधी दीडशे-दोनशे रुपये खरोखर देतं, मग हजारो गिळतं. परदेशात नोकरी लावणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघायचं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पैसे गेलेच तर लाज बाळगून गप्प बसायचं नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, तासाभरात फोन गेला तर पैसे पुढे सरकायच्या आत गोठण्याची शक्यता जास्त. हा आकडा आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलाय.

घरखर्चाबद्दल दोनच गोष्टी तुम्ही सांगायचात, पण वेळेवर. कर्जाचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोलायचं, कारण नव्वद दिवस थकलं की बँक ते खातं अनुत्पादित, म्हणजे थकीत कर्ज, धरते आणि मग बोलायला फारसं काही उरत नाही. कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारायचं. मधुमेह, रक्तदाब असलेल्या घरात याने फार फरक पडतो, कारण जुन्या आजाराच्या प्रतीक्षेची काढलेली वर्षं वाया जात नाहीत.

एका गोष्टीचे आभार वेगळे मानायला हवेत. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तुम्ही घरच्यांना एकदा घेऊन यायला सांगायचात. आई, बायको, नवरा, जे कोणी असेल ते. त्यांना वही दाखवायचात. किती अर्ज गेले, कुठे दुसरी फेरी झाली, कुठून उत्तर यायचंय. आणि एक विनंती करायचात: 'काय झालं?' हे रोज जेवायच्या ताटावर विचारू नका, शनिवारी संध्याकाळी वही घेऊन बसा आणि तेव्हा विचारा. त्या एका विनंतीने कितीतरी घरांत जेवणं सुखाची झाली. रोज दहा ते एक काम शोधायचं, दुपारनंतर उजळणी करायची आणि संध्याकाळी माणसांत जायचं, हे वेळापत्रकही तुम्ही घरच्यांसमोरच ठरवायचात, म्हणजे दुपारी एकनंतर लॅपटॉप बंद दिसला तरी पोरगा आळशी झालाय असं कुणाला वाटत नसे.

निवड झाल्याचा फोन आला की पेढे आणू द्यायचा नाहीत. फोनवरची निवड वहीत पेन्सिलने, ऑफर लेटर आलं की निळ्या पेनाने, पहिला पगार जमा झाला की लाल पेनाने. तोवर बाकीचे अर्ज चालू. निवड कळवून मग महिनाभर गप्प बसणाऱ्या कंपन्या आहेतच, आणि पेन्सिलची नोंद खोडताना हात तितका थरथरत नाही. पेढे लाल नोंदीनंतर.

तुम्ही गेल्यापासून वहीत लाल नोंदी अकरा झाल्यात. पेढ्यांचा एक पुडा टपालाने पाठवतोय, तुमच्या साखरेचं माहीत आहे, नातवंडांना द्या. टेबल खिडकीपाशीच आहे. पट्टी खणात आहे, पण तिच्यावरचे आकडे पुसट झालेत, नवी आणू. पीएफच्या पेन्शनवाल्या दोन प्रकरणांत तुमचा सल्ला हवाय, कागदांचे फोटो वेगळे पाठवतो. रविवारी दहा ते बारा कधीही फोन करा, सगळे असतो.

आपली,
मागच्या खोलीतली मंडळी