ताई, बाबांचे डोळे ठीक आहेत हे तुम्ही टीव्ही बघून सांगितलंत

प्रिय ताई,

तुम्ही चार संध्याकाळी आमच्याकडे येऊन गेलात, त्याला दीड महिना झाला. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच काढतेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पुसट चित्र सहन करत बसलेली घरं पुष्कळ असणार. त्यातल्या एखाद्या घरात आमच्या बाबांसारखं कुणी मनात धास्ती घेऊन गप्प बसलेलं असेल.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. त्यांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगशी बोलणारा माणूस. ऑपरेशननंतर महिन्याभरात हत्यारांची पेटी परत उघडली होती, आणि मग एक दिवस ती बंद करून कपाटावर ठेवून दिली. का, ते सांगितलं नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, जरा पुढे सरकायचे, चष्मा पुसायचे आणि परत मागे टेकायचे. आम्हाला वाटलं, कंटाळले असतील. नजर परत जायला लागलीय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते उच्चारायची त्यांना भीती वाटत होती. घरात राहून मला हे कळलं नाही, तुमच्या एका प्रश्नातून कळलं.

चित्र खराब दिसतं हे आम्हालाही दिसत होतं. पण आम्ही त्याला ‘नेटचा त्रास’ म्हणून सोडून दिलं होतं. कंपनीकडे दोनदा तक्रार केली. माणूस आला, राउटरशेजारी उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, १०० मेगाबिटपैकी ९४ आले, लाइन उत्तम आहे म्हणाला. मग आम्ही १०० चा प्लॅन २०० चा केला. राउटर तर रोज बंद-चालू व्हायचा. एका आठवड्यात इतकं सगळं बदललं आणि संध्याकाळ झाली की चित्र पुन्हा पहिल्यासारखं.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात आणि वीस मिनिटं कशालाच हात लावला नाहीत. बाबांच्या शेजारी बसून ते बघत होते तो पक्ष्यांचा माहितीपट बघितलात. मग विचारलंत, चित्र थांबतं का, झटके देतं का, मध्येच चौकोन चौकोन होतात का, की नुसतं पुसट होतं? मी म्हणाले, सगळं एकच ना. तुम्ही म्हणालात, “नाही गं, चार वेगळी दुखणी आहेत, चारांची कारणं वेगळी असतात.” आमचं दुखणं मुख्यतः एकच निघालं. चित्र थांबायचं नाही, गोल चकती फिरायची नाही, पण सातनंतर सगळं धुक्यातून बघितल्यासारखं व्हायचं.

मग तुम्ही कार्यक्रम थांबवून स्टिकचा, म्हणजे टीव्हीमागे खोचलेल्या, नेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या त्या छोट्या यंत्राचा मेनू उघडलात. “काका, वरच्या कोपऱ्यातली वेळ वाचता येतेय?” बाबांनी बसल्या जागेवरून वाचली, सात वाजून अठ्ठेचाळीस. “आणि त्या चित्राखालची बारीक ओळ?” तीही वाचली, अडखळली नाही. परत पक्षी लावलात, पंखांवरची पिसं एकमेकांत मिसळलेली. तेव्हा तुम्ही म्हणालात, “काका, मेनूतली अक्षरं ही स्टिक स्वतः काढते, ती बाहेरून यावी लागत नाहीत. कार्यक्रम बाहेरून येतो. अक्षरं कोरल्यासारखी आणि कार्यक्रम पुसट, म्हणजे टीव्ही ठीक आहे, स्टिकची जोडणी ठीक आहे, आणि तुमचे डोळेही ठीक आहेत.”

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिले. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताई, बाकीचं सगळं नंतर झालं, पण आभार मानायचे ते आधी या क्षणाचे.

तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच, मनात शंका ठेवू नका, असं तुम्ही जाताना बजावलंत. दाखवलं. नजर उत्तम आहे.

पुसट का होतं, हे तुम्ही बाबांना समजावलंत तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. कार्यक्रम सलग येतच नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या हलक्या-जड अशा बऱ्याच प्रती तयार असतात. ॲपलने २००९ मध्ये नेटवरून व्हिडिओ पाठवायची एचएलएस नावाची पद्धत आणली ती याच रीतीची. मागचा तुकडा यायला किती वेळ लागला ते बघून स्टिक पुढची प्रत मागवते. उशीर झाला तर हलकी. म्हणजे आमची स्टिक बिचारी चित्र थांबू नये म्हणून रोज रात्री धडपडत होती, आणि आम्ही तिलाच दोष देत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला वही करायला लावलीत. वेळ, काय लावलं होतं, काय दिसलं, स्पीड किती. आणि अट घातलीत, एका वेळी एकच बदल, त्यानंतर तीनदा मोजायचं. इथे बाबा पहिल्यांदा खुलले. “बरोबर आहे पोरी. दोन बिघाडांना एकदम हात लावला की घड्याळ कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि मग ते आठवड्याने परत येतं.” त्या दिवसापासून वही बाबांकडे गेली.

आणि मोजायचं कुठे? राउटरपाशी नाही, स्टिकवर. माझ्या फोनवर राउटरशेजारी १८० मेगाबिट येत होते, त्याच मिनिटाला स्टिकवर ४. फुल एचडी चित्राला ५ च्या आसपास लागतात, फोरकेला १५ ते २०. प्लॅन दुप्पट करून आम्ही ज्या टोकाला काही दुखत नव्हतं तिथेच औषध लावत होतो.

तुमच्या पहिल्या बदलाने मी चक्रावले. बाबांच्या जुन्या फोटोंची हार्ड डिस्क टीव्हीच्या निळ्या यूएसबी पोर्टात कायमची खोचलेली होती. तुम्ही ती काढून बाजूला ठेवलीत, बस. बाबांनी तीनदा मोजलं, ११, १०, ११. तुम्ही सांगितलंत की यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी एकीच्या, आसपास रेडिओचा गोंगाट पसरतो, इंटेलने हे २०१२ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आमची स्टिक नेमकी २.४ वर, डिस्कपासून वीतभर अंतरावर. इतके दिवस त्या डिस्ककडे कुणी संशयाने बघितलंही नव्हतं.

मग तुमच्या घरून आणलेली एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून होती, ती त्या तुकड्यावर लटकवून कडेला आणलीत. १७. पुढचा बदल म्हणजे स्टिकची वीज टीव्हीच्या यूएसबीतून न घेता तिच्या स्वतःच्या चार्जरवर. स्पीड तेवढाच, आणि बाबांनी वहीत ‘फरक नाही’ लिहिलं. तुम्ही म्हणालात, “काका, खोडू नका, पण चार दिवस थांबा.” खरंच, रात्री मध्येच स्टिक आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायची, ते थांबलं. टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देणार आणि स्टिकच्या चार्जरवर त्याच्या दुप्पट लिहिलेले. हा आकडा इतके दिवस चार्जरवर छापलेला होता.

राउटर लोखंडी कपाटात होता. तारा दिसू नयेत म्हणून मीच ठेवला होता. तो बाहेर उघड्या फळीवर आला आणि स्टिक ५ गिगाहर्ट्झवर गेली. २.४ वर आजूबाजूच्या घरांचीही गर्दी असते, एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी आले की तिथे दाटी होणारच. ५ ला जागा जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो, म्हणून आधी राउटर मोकळा करायला हवा होता. टीव्हीपाशी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल कपाटातून उणे ७८ होता, फळीवरून उणे ६२ झाला. मला १६ चा फरक किरकोळ वाटला. तुम्ही म्हणालात, हे डेसिबल आहेत, दर १० ला दहापट, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. त्या रात्री वहीत ९० च्या पुढचे आकडे लिहिले गेले.

आतल्या खोलीतल्या टीव्हीच्या डब्याबद्दल तुम्ही स्पष्टच सांगितलंत. वाइडवाइन म्हणजे कार्यक्रमांची चोरी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, त्याची वरची एल-वन पातळी या डब्याकडे नाही, तो खालच्या एल-थ्रीवर आहे, त्यामुळे काही सेवा त्याला एचडी देणारच नाहीत, सेटिंग कितीही बदला. नको त्या गोष्टीवर आमचा वेळ घालवला नाहीत, याचेही आभार.

एवढं होऊनही दोन रात्री चित्र पुसट झालं. मी निराश झाले, बाबांनी मात्र वही पुढे केली. दोन्ही दिवशी वेळ नऊच्या सुमाराची. तुम्ही विचारलंत, नऊला घरात काय होतं? मी घरी येऊन फोन चार्जिंगला लावते. फोन चार्जिंगला लागला की दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ नेटवर चढायला लागतात. तुम्ही लॅपटॉपवर पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मोजून दाखवलंत, एरवी १२ मिलिसेकंद, फोन लावला की ६०० च्या वर. वर जाणारी वाट भरली की पुढचा तुकडा मागवणारा निरोपच रांगेत अडकतो. जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट म्हटलं, आणि रांगेला शिस्त लावणारी एफक्यू-कोडेल नावाची युक्ती २०१८ पासून आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे, असं तुम्ही म्हणालात. आमच्या राउटरमध्ये ती सोय एसक्यूएम नावाखाली होतीच, फक्त बंद होती. ती सुरू केलीत आणि माझ्या फोनचे फोटो पहाटेवर ढकललेत.

आता ती चौथी संध्याकाळ, जिच्याबद्दल मी तुमच्याशी नीट बोललेच नाहीये.

चित्र स्वच्छ झालं होतं. बाबा एक जुना चित्रपट बघत होते, कॅमेरा नदीकाठावरून हळू सरकत होता. बाबा म्हणाले, “याचा ठोका लंगडतोय.” मला काहीच दिसेना. तुम्हीही जरा वेळ बघत राहिलात, आणि मग तुमचा चेहरा बदलला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, पडदा सेकंदाला ६० वेळा उजळणारा. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोन वेळा दिसतं आणि पुढचं तीन वेळा. एक ३३ मिलिसेकंद टिकतं, दुसरं ५०. तुम्ही आकडे सांगितलेत आणि बाबा म्हणाले, “तेच म्हणतोय मी. टिक लांब आणि टॉक आखूड.” तासाला १८,००० ठोके पडणारी घड्याळं ज्यांनी जन्मभर कानाशी धरली, त्यांना सतरा मिलिसेकंदांचा फरक डोळ्यांनी कळला.

स्टिकच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवायचा पर्याय तुम्ही चालू केलात. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. नदीकाठ सरकायला लागला. बाबा पुढे झुकून बघत राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “आता चालतंय.” हे ते दुरुस्त झालेल्या घड्याळाबद्दल म्हणायचे. मी ते कित्येक महिन्यांनी ऐकलं. तुम्ही तेव्हा म्हणालात, “काका, हे मला कुणी दाखवल्याशिवाय दिसलं नसतं.” तुम्ही बाबांचं मन राखायला बोलला नव्हता, हे त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटावरची पेटी खाली आली.

प्लॅन आम्ही परत १०० चा केलाय, तुम्ही सांगितलं होतं तसा. वही अजून टीव्हीखाली आहे, पण महिनाभरात तिच्यात दोनच ओळी पडल्यात, दोन्हींत ‘ठीक’. तुमची एचडीएमआयची एक्स्टेन्शन अजून आमच्याकडेच लटकलेली आहे. मी नवी आणली आहे, तुमची येऊन घेऊन जा.

आणि बाबांचा एक निरोप आहे. तुमच्या बैठकीत ते बंद पडलेलं घड्याळ आहे ना, चार वाजून दहावर थांबलेलं, ते घेऊन या म्हणालेत. किल्लीसकट.

तुमची,
खालच्या मजल्यावरची धाकटी बहीण