किती सोडली, याबरोबर किती जगली हेही छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्टर्जन या माशावर आलेला लेख वाचला. भारतातील एकाही नदीत मुळात न आढळणाऱ्या जलचराची दखल इंदूरच्या मराठी वाचकासाठी घेतली गेली, याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र मत्स्यशेतीत स्टर्जनची पैदास मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्यामुळे या माशावरचे संकट आता टळले आहे, असा जो सूर लेखाच्या अखेरीस उमटला आहे, तो आजवरच्या संशोधनाला धरून नाही. मी दीर्घकाळ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे, आणि हा प्रश्न नर्मदेचे पाणी पिणाऱ्या आपल्या शहरापासून वाटतो तितका दूरचा नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मत्स्यशेतीत स्टर्जन मुबलक आहेत, हे खरे आहे. कॅव्हियार म्हणजे स्टर्जनची खारवलेली गाभोळी, आणि तिचे जगातील सर्वाधिक उत्पादन आज चीनमध्ये होते. परंतु त्याच चीनमधील यांगत्से नदीत मूळचा असलेला यांगत्से स्टर्जन निसर्गातून नाहीसा झाल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०२२ साली जाहीर केले. त्याच वेळी चिनी पॅडलफिश हा स्टर्जनचा जवळचा नातलग पूर्णपणे नामशेष झाल्याचीही नोंद झाली, आणि या गणातील उरलेल्या २६ जातींपैकी एकही धोक्याबाहेर नसल्याचे सांगण्यात आले. २००९ मध्ये धोक्यातील जातींचे प्रमाण ८५ टक्के होते. ज्या काळात तलावांतील संख्या वाढत गेली, त्याच काळात नद्यांतील संख्या घटत गेली, याकडे लेखात दुर्लक्ष झाले आहे.

यामागचे कारण या माशाच्या जीवनक्रमात आहे. बेलुगा जातीची मादी अंडी टाकण्याजोगी होण्यास साधारण पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यानंतरही ती दरवर्षी अंडी टाकत नाही, आणि बहुतेक जातींना त्यासाठी समुद्रातून किंवा नदीच्या खालच्या भागातून वर चढून, विशिष्ट तापमानाच्या वाहत्या पाण्यात, गोट्या-खड्यांचा स्वच्छ तळ गाठावा लागतो. रशियातील व्होल्गा नदीवरील व्होल्गोग्राडच्या धरणाने बेलुगाची जवळजवळ सगळी प्रजननस्थळे तोडली. युरोपातील डॅन्यूब नदीवर आयर्न गेट्सचे पहिले धरण १९७२ मध्ये आणि दुसरे १९८४ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यापलीकडे जाणारी वाट बंद झाली. शंभर वर्षे जगू शकणारा मासा असा अडला, तर तो लगेच संपत नाही. म्हातारे मासे जाळ्यात येत राहतात, बाजारात दिसत राहतात, आणि नवी पिढी जन्मतच नाही ही गोष्ट कित्येक वर्षे लपून राहते.

यांगत्सेवरचे गेझौबा धरण १९८१ मध्ये नदी अडवून उभे राहिले, तेव्हा चिनी स्टर्जन या दुसऱ्या जातीचे काय होईल, याची चिंता तेथील शास्त्रज्ञांना होतीच. मत्स्यबीज केंद्र उभारले गेले, कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि पुढील दशकांत लाखो पिल्ले नदीत सोडली गेली. धरणाच्या पायथ्याशी थोड्याशा जागेत काही मासे आपसूक अंडी टाकू लागले, तेव्हा प्रश्न सुटल्याचा आनंदही झाला. नंतर वरच्या बाजूला थ्री गॉर्जेसचा प्रचंड जलाशय भरला. एवढे पाणी शरद ऋतूत लवकर थंड होत नाही, त्यामुळे अंडी टाकण्याजोगे तापमान उशिरा येऊ लागले आणि प्रजननाचा काळ पुढे ढकलला गेला. २०१३ मध्ये नैसर्गिक प्रजननाची एकही खूण मिळाली नाही. पिल्ले सोडण्याचे काम या सर्व काळात चालूच होते, आणि सोडलेल्या पिल्लांचा आकडा पाहून कोणालाही कार्यक्रम उत्तम चालला आहे असेच वाटले असते.

चिनी पॅडलफिशच्या वाट्याला तर हेही आले नाही. २००३ च्या जानेवारीत यांगत्सेकाठच्या यिबिन शहराजवळ एक जिवंत मादी जाळ्यात सापडली, संशोधकांनी तिच्यावर उपचार करून, ध्वनिसंदेश देणारे यंत्र लावून तिला नदीत सोडले, आणि लवकरच पाठलाग करणारी नाव खडकाला लागून संदेश हरवला. त्यानंतर हा मासा कोणाला दिसला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अनुमान काढले की ही जात २००५ ते २०१० या दरम्यान संपली असावी, पण प्रजननाच्या दृष्टीने ती १९९३ च्या सुमारासच निकामी झाली होती. म्हणजे संशोधन ज्या क्षणी नेटाने सुरू झाले, त्याच्या दहा वर्षे आधीच वेळ निघून गेली होती.

यांगत्से स्टर्जनची कहाणी मला यापेक्षा अधिक उपयोगाची वाटते, कारण तिच्यात तुलना करता येते. बंदिस्त पैदाशीतील हजारो मासे वर्षानुवर्षे नदीत सोडूनही त्यांनी स्वतःहून प्रजनन केल्याचा पुरावा मिळत नव्हता. त्यानंतर यांगत्सेत २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारीबंदी आली, आणि तिची उपनदी असलेल्या चिशुइवरील लहान जलविद्युत धरणांपैकी सुमारे तीनशे धरणे २०२४ अखेरपर्यंत पाडण्यात आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या मोकळ्या झालेल्या नदीत काही प्रौढ मासे सोडले असता त्यांनी अंडी टाकली आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली. मासे त्याच वंशावळीचे, बंदिस्त पैदाशीतलेच होते. बदलली होती ती नदी. हा एकच प्रयोग आहे आणि ती पिल्ले मोठी होऊन परत येतील का, हे कळायला बराच काळ जावा लागेल, परंतु कोणत्या दिशेने प्रयत्न करावा हे त्यातून पुरेसे दिसते.

कृत्रिम प्रजननाला माझा विरोध आहे, असा अर्थ कृपया यातून काढू नये. पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी टाकण्यास प्रवृत्त करण्याचे तंत्र सोव्हिएत शास्त्रज्ञांनी स्टर्जनसाठी वापरले, आणि आपल्याकडे डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प (रोहू-कटलाच्या कुळातील) जातींवर ते यशस्वी करून दाखवले. देशातील तलावांतले मत्स्योत्पादन त्यावर उभे राहिले, आणि तो दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. युरोपीय स्टर्जनचे शेवटचे नैसर्गिक प्रजनन फ्रान्समधील जिरोंद खोऱ्यात १९९४ साली नोंदले गेले. बंदिस्त प्रजनक मासे सांभाळले नसते, तर ती जात आज उरली नसती. बुडणाऱ्या जातीला तग धरायला वेळ मिळवून देणे हे हॅचरीचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचे, काम आहे आणि ते मोलाचे आहे. आक्षेप आहे तो सोडलेल्या पिल्लांची संख्या हीच संवर्धनाची मोजपट्टी मानण्याला.

हाच आक्षेप आपल्या घरच्या अनुभवावरूनही घेता येतो. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशांची पैदास होत आली, आणि तेथील निळसर पराच्या दख्खनी महाशीरची पिल्ले चांगल्या हेतूने इतर नद्यांत, कावेरीतही, सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा, पाठीला उंचवटा असलेला आणि आकाराने अवाढव्य. गळाने मासे धरणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा आढळले की गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत होती, त्यांचे सरासरी वजन घटत होते, आणि कावेरीचा मूळ मासा दिसेनासा होत चालला होता. त्या मुळच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तही ठरला. महाशीर वाढले असे म्हणणाऱ्याचे तेव्हा आकड्यांत काहीच चुकले नसते, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

आता नर्मदेकडे येतो. नर्मदेतला महाशीर, ज्याला निमाडात बाडस म्हणतात, हा २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. साठच्या दशकातील नोंदींत नर्मदेच्या मासळीत त्याचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास होता. आज तो नाममात्र उरला आहे. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि खाली सरदार सरोवर अशी धरणांची मालिका झाल्यावर वाहत्या नदीचे मोठे पट्टे संथ जलाशय झाले, आणि पावसाळ्यात पाण्याविरुद्ध चढून खडेगोट्यांच्या उथळ तळावर अंडी टाकणाऱ्या या माशाची वाट जागोजागी अडली. उरलेल्या वाहत्या पट्ट्यांत वाळूचा उपसा आहे आणि वीजनिर्मितीनुसार चढणारे-उतरणारे पाणी आहे. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. परंतु बाडस सारी अंडी एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने टाकतो आणि त्याचा हंगाम १५ ऑगस्टनंतरही चालू राहतो, त्यामुळे कार्प माशांना सोयीची ही मुदत त्याला अपुरी पडते. वाळूपेक्षा आणि धरणापेक्षा ही गोष्ट बदलणे सोपे आहे, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करतो.

बडवाह परिसरात वनविभाग आणि राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने या माशाच्या प्रजननाचे प्रयोग झाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र आययूसीएनच्या यादीत नर्मदेतल्या या जातीसमोर आजही ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. जो मासा राज्याचे चिन्ह आहे, त्याची नदीतली स्थिती ठरवण्याइतकी माहिती जगासमोर नसावी, हे आपल्या विद्यापीठांनाही शोभणारे नाही. नदीत बोटुकली सोडल्याच्या बातम्या येतात, त्यांत आकडा असतो आणि मान्यवरांची नावे असतात; त्या पिल्लांचे आईबाप कोणत्या खोऱ्यातले होते, सोडताना त्यांच्यावर काही खूण केली होती का, आणि दोन-तीन वर्षांनी त्यांतली कोणी सापडली का, याचा उल्लेख क्वचितच असतो.

हे काम खर्चिक यंत्रांवाचून अडत नाही. अमेरिकेतील कूटनाय नदीत हॅचरीतून सोडलेल्या पांढऱ्या स्टर्जनच्या अंगावरील हाडांच्या चकत्यांपैकी ठरावीक चकत्या आधीच काढून टाकतात, त्यामुळे पुढे जाळ्यात आलेला मासा नदीत जन्मला की टाकीत, हे पाहताक्षणी कळते. आणि त्यामुळेच तेथे सोडलेले मासे जगत आहेत, पण नदीत नवे जवळजवळ जन्मत नाहीत, हे संशोधकांना ठामपणे सांगता आले. आपल्याकडे पिल्लाच्या एका लहान पराचे टोक कापून हीच खूण करता येते, आणि कापलेला तुकडा स्पिरिटात ठेवला तर पुढे जनुकीय तपासणीलाही उपयोगी पडतो. इंदूर, खरगोन, बडवाणीच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम शिकून करू शकतील.

नोंदी ठेवणारे हात मात्र घाटावरच शोधावे लागतील. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील विनेबागो सरोवरावर हिवाळ्यात भाल्याने स्टर्जन मारण्याची मर्यादित परवानगी आहे, आणि मारलेला प्रत्येक मासा नोंदणी केंद्रावर आणून मोजून घेणे बंधनकारक आहे. वसंतात मासे अंडी टाकायला किनाऱ्याजवळ येतात, तेव्हा तेथील स्वयंसेवक त्यांच्यावर पहारा देतात. आपल्याकडे महेश्वर, मंडलेश्वर, बडवाहचे केवट आणि कहार मच्छीमार नदी जितकी ओळखतात तितकी कोणताही विभाग ओळखत नाही. बाडस सापडल्यावर दंडाच्या भीतीने तो लपवावा लागेल, अशी व्यवस्था ठेवण्यापेक्षा, त्याची लांबी, जागा आणि पराची खूण कळवणाऱ्याला मोबदला मिळेल अशी व्यवस्था केली, तर एका पावसाळ्यात आजवर नसलेली माहिती हाती येईल.

जलूदहून १९७८ पासून नर्मदेचे पाणी इंदूरला येत आहे, आणि त्या पाण्याच्या दाबाची, वेळापत्रकाची बातमी आपण नेमाने छापता. यापुढे बोटुकली सोडण्याच्या कार्यक्रमाचे वृत्त आले, तर आपल्या वार्ताहराने संबंधित अधिकाऱ्यांना प्रजनक माशांचे मूळ, केलेली खूण आणि मागील वर्षी सोडलेल्यांपैकी पुन्हा सापडलेल्यांची संख्या विचारावी, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक
रामबाग, इंदूर