‘लॅपटॉपवरच शिकायचं होतं तर...’

पर्थ, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप आई-अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आजीला माझा नमस्कार सांगा. पत्र गोट्याच्या मेलवर पाठवते आहे. त्याने ते छापून आणावं आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवावं, मधली पानं न गाळता.

अप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "खोलीत बसून लॅपटॉपवरच शिकायचं होतं तर औशात काय वाईट होतं? एवढं कर्ज काढून समुद्रापार कशाला गेलीस?" मी तेव्हा विषय बदलला. इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आई मधूनमधून "जेवलीस का?" विचारत होती. पण प्रश्न रास्त आहे. बँकेचा हप्ता तुम्ही भरता, तेव्हा उत्तरही तुम्हाला मिळायला हवं, आणि फोनवर ते नीट सांगता येत नाही. तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि मी गप्प होते.

मी भूजल शिकते आहे, जमिनीखालचं पाणी, आणि त्यात सगळंच काही लॅपटॉपवर नसतं. प्रयोगशाळा आहे, बोअरवर जाऊन पाण्याची पातळी मोजणं आहे, वाळूचे नमुने चाळणं आहे. पण तासांचा बराचसा भाग ऑनलाइन होतो आणि त्याला कारण आहे. माझ्या वर्गातले अनेक जण नोकरी करून शिकतात. इथून हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेला पिलबरा नावाचा मुलूख आहे, लोखंडाच्या खाणींचा. माणसं पर्थहून विमानाने कामावर जातात, आठवडा-दोन आठवडे तिथल्या छावणीत राहतात आणि मग सुट्टीला घरी येतात. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की आधी भूजल उपसून काढावं लागतं, म्हणून तिथे भूजलाची माणसं लागतात. माझ्या गटातली एक बाई अशीच आहे. मी तिला मनातल्या मनात खाणवाली म्हणते. बारा तासांची पाळी संपवून, हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच घेऊन ती तासाला बसते. तिच्यासाठी वर्ग तिथे न्यावा लागतो, आणि तो नेल्यामुळे माझा किती फायदा झाला ते पुढे सांगते.

या देशाला लांबून शिकवायची जुनी सवय आहे. इथल्या मधल्या ओसाड प्रदेशात गुरांची कुरणं एवढी अवाढव्य की शेजारचं घर शे-दीडशे किलोमीटरवर. तिथे आजारपणासाठी ‘फ्लाइंग डॉक्टर’ची विमानसेवा होती आणि डॉक्टरला बोलवायला घरोघरी रेडिओसंच. अ‍ॅडिलेड मीथके नावाच्या शाळा-निरीक्षक बाईंच्या डोक्यात आलं की या रेडिओवरून शाळाही भरवता येईल. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये ती ‘हवेतली शाळा’ सुरू झाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. सुरुवातीला धडे एकतर्फीच होते, बाई बोलणार आणि मुलं ऐकणार. पण लवकरच प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवावा लागला. शेकडो किलोमीटर लांबच्या मुलाची शंका सगळ्यांच्या घरात ऐकू जायची.

अशाच रेडिओच्या शाळेत शिकलेला एक मुलगा म्हणजे मार्टिन डुगियामस. लॉकडाऊनमध्ये ताईच्या कॉलेजात जे ‘मूडल’ वापरत होते ना, ज्याच्यावर ती असाइनमेंट चढवायची आणि नेट गेलं की रडायची, ते त्याने इथे पर्थमध्येच कर्टिन विद्यापीठात संशोधन करता करता बनवलं. २००२ साली पहिली आवृत्ती आली आणि त्याने ती सगळ्यांना फुकट दिली. माणसं एकमेकांसाठी काहीतरी तयार करताना शिकतात, हा त्यामागचा त्याचा विचार होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याचं पीडीएफ ठेवायचं कपाट झालं, तो भाग वेगळा.

आई, तुला हे नवीन नाही. तू मुक्त विद्यापीठातून बीए केलंस तेव्हा पुस्तकांचा गठ्ठा घरी होता, सगळं त्यात लिहिलेलं होतं. तरी रविवारची एसटी चुकली की तुझा आठवडा वाया जायचा. अभ्यासकेंद्रावर सर अर्धा वेळ यायचेच नाहीत, असं तूच सांगायचीस. मग जायचीस कशाला? तर त्या चार-पाच बायका डबा उघडून बसायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, म्हणून. अर्थशास्त्र तुला त्या लोणच्याच्या बरणीशेजारी बसून समजलं, हे तुझंच वाक्य आहे.

आता इथलं वाचन कसं चालतं ते ऐका. सर तासाच्या चार दिवस आधी एक लेख टाकतात. पेरुसॉल नावाची सोय आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. लेख एकच, पण तो सगळा वर्ग मिळून वाचतो. वाक्यावर बोट फिरवून रंग द्यायचा आणि समासात आपली शंका लिहायची. ती सगळ्यांना दिसते, कुणीही तिच्याखाली उत्तर देतं. आजी, श्रावणात ओसरीवर पोथी चाललेली असते आणि शेजारची कुणीतरी मधेच "म्हणजे गं काय?" विचारते, मग पोथी बाजूला राहून तासभर तेच रंगतं, तसं हे आहे. फरक एवढाच की इथे विचारणारी रात्री दोनला विचारते आणि सांगणारा सकाळी सहाला सांगतो.

मागे एक लेख होता कठीण खडकातल्या पाण्यावर. त्यात वाक्य होतं की अशा खडकात शेजारशेजारच्या दोन विहिरीही अगदी वेगळ्या वागू शकतात. मी तिथे लिहिलं, "आमच्या वरच्या रानात सहाशे फुटांचा बोअर कोरडा गेला. बांधापलीकडे शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं. पाऊस तोच, काळा पाषाण तोच." एवढंच लिहून झोपले.

सकाळी पाहते तर खाली रांग लागलेली. पर्थचा एक मुलगा, ज्याने जन्मभर वाळूच पाहिली, विचारत होता, "पण खोल गेलं की पाणी लागणारच ना?" इथे शहराखाली वाळूच्या जाड थरात पाणी साठलेलं आहे, घरोघरी बागेला बोअर आहेत, त्याला कोरडा बोअर म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. झिम्बाब्वेच्या मुलाने लिहिलं की त्यांच्याकडे ग्रॅनाइटमध्ये हुबेहूब असंच होतं. खाणवालीने छावणीतून रेषा काढून दाखवलं: घट्ट खडकाच्या पोटात पाणी नसतंच, ते भेगांत असतं. भेगेला छेद गेला तर दोनशे फूट पुरतात, नाही गेला तर सहाशेही फुकट. मग मी मुरमाचं लिहिलं, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या गेरूचं लिहिलं, आणि पाणाड्याचंही लिहिलं, तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खुंटी ठोकतो. मला वाटलं हसतील. खाणवालीने लिहिलं, "माझे आजोबा गव्हाच्या शेतात दोन वाकड्या तारा धरून हेच करायचे!" हसलो ते सगळेच.

मग सरांनी त्याखाली एकच ओळ टाकली: नारळ उभा राहिला त्या जागांपैकी किती कोरड्या गेल्या, हे तुमच्याकडे कुणी लिहून ठेवतं का?

मी दिवसभर त्याच ओळीवर होते. अप्पा, आपल्या गावात किती बोअर मारले असतील? लागलेला बोअर सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि कोरड्यावर चुलत्यांनी दगड ठेवला की विषय संपला. पुढच्या तासाला सरांनी सुरुवातच तिथून केली. वर्गात कोण कुठे अडलंय याचा गोषवारा त्यांना तासाआधीच मिळतो, त्यामुळे सगळ्यांना समजलेलं ते पुन्हा शिकवत बसत नाहीत. माझं कोरडं रान त्या दिवशी पडद्यावर होतं.

तासातही असंच. सर प्रश्न टाकतात, आपण मुकाट्याने मत द्यायचं, मग संगणक आम्हाला तिघाचौघांच्या खोल्यांत पाठवतो, तिथे भांडायचं आणि परत येऊन पुन्हा मत द्यायचं. ही रीतही मझूरांचीच, १९९१ च्या सुमारास त्यांनी ती सुरू केली. एकदा प्रश्न होता: एखाद्या खोऱ्यात वर्षाला जेवढं पाणी मुरतं त्याहून थोडं कमीच उपसलं, तर काही बिघडणार नाही ना? पहिल्या फेरीत बहुतेकांनी "नाही बिघडणार" म्हटलं. तुम्हीही तेच म्हटलं असतं.

आमच्या खोलीत खाणवाली होती. तिने विचारलं, "पंप बसवायच्या आधी ते मुरलेलं पाणी कुठे जात होतं?" बस्स. ते काही जमिनीत वर्षानुवर्षं साचून फुगत नव्हतं, कुठेतरी बाहेर पडत होतं: झऱ्यात, ओढ्यात, नदीत. आपण उपसलेला प्रत्येक थेंब शेवटी साठ्यातून, नाहीतर त्या ओढ्याच्या वाट्यातून येतो. कुठे कुठे उपशामुळे मुरणं थोडं वाढतं, पण आपल्याकडे त्यावर विसंबू नये. अमेरिकेतल्या थाइस नावाच्या भूजलतज्ज्ञाने १९४० साली हे लिहून ठेवलंय. आजोबा सांगायचे ना, संक्रांतीपर्यंत ओढा वाहायचा? मुरण्याइतकंच उपसलं तरी तो ओढा आटतोच. आपण तर मुरण्याइतकं म्हणूनही थांबलो नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, हे मी त्या खोलीत सांगितलं तेव्हा कुणाला खरंच वाटेना, फोटो दाखवावा लागला. दुसऱ्या फेरीत मतं उलटली.

हेच पुस्तकात वाचलं असतं तर? वाचलं होतंच. पान पुढे उलटलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी जाहिरात करतेय. समासातल्या शेऱ्यांना गुण आहेत. गुण आले की शेवटच्या रात्री "छान मुद्दा", "सहमत" यांचा पाऊस पडतो. काही जण तर शंकाही एआयकडून लिहून आणतात. ती लगेच ओळखू येते, इतकी गुळगुळीत की तिला कुठे अडलंय हेच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या शंका कमी होतायत. पूर्वी गटावर रात्री कुणीतरी विचारायचं आणि सगळे भांडायचे, आता तो आपल्या खोलीत मशीनला विचारतो. त्याला उत्तर मिळतं, बाकीच्यांना त्याला काय अडलं ते समजत नाही. मीही विचारते, नाही असं नाही. पण मशीनच्या आजोबांनी तारा धरून पाणी शोधलेलं नसतं. आणि कॅमेरे बंद असले की तास म्हणजे काळ्या चौकोनांची भिंत. त्या दिवशी तुमचा प्रश्न मलाही पडतो, अप्पा.

आई, तुझ्या काळजीचं उत्तर: नाही, मी एकटी नसते. परीक्षेच्या दिवसांत आम्ही डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर एक खोली उघडून ठेवतो. बोलत कुणी नाही, आपापला अभ्यास चालू. मधेच कुणाच्या तरी किटलीचा आवाज येतो, कुणाचं बाळ रडतं. इंग्रजी बोलताना माझी गाडी अजून थोडी अडखळते, लिहिताना नाही. त्यामुळे वर्गाने मला आधी लिहिताना ओळखलं, आणि प्रत्यक्ष भेटले तेव्हा "ती कोरड्या बोअरवाली तू का?" म्हणून गळ्यात पडले. मराठी मंडळाच्या गणपतीलाही जाऊन आले, मोदक बरे होते.

गोट्या, तुझ्यासाठी एकच. बारावीला लातूरला क्लासच्या नोट्स लपवून ठेवायची जी पद्धत आहे ती मी पाहिलीय. तू तिघांचा गट कर आणि रोज आपल्याला न आलेला एकेक प्रश्न त्यात टाका, आलेला नाही. रीलचा गट करू नकोस, मी बघणार आहे.

आणि अप्पा, आता तुमच्याकडे काम. वर्गाने मिळून एक तक्ता उघडलाय. पर्थचा मुलगा बागेच्या बोअरची पातळी त्यात भरतो, खाणवाली तिच्या माहेरच्या शेतातली. आपल्या विहिरीची ओळ मी घातलीय, ती रिकामी आहे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटर सुरू करायच्या आधी, कठड्याच्या एकाच जागेवरून दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. कठड्यावर त्या जागेला रंगाची खूण करा, नाहीतर गोट्या दर वेळी वेगळीकडून मोजेल. पाऊस झाला असेल तर तेही लिहा. आकडा तारखेसह व्हॉट्सॲपवर टाका, तक्त्यात मी भरते. आणि जमलं तर एक वही घालून गावातल्या कोरड्या बोअरची नावनिशी सुरू करा: कुणाचा, किती फूट, कधी, पाणाड्या कोण होता. लोक आधी लाजतील सांगायला. चुलत्यांपासून सुरुवात करा, ते बोलले की बाकीचे बोलतील.

हप्त्याची पावती मिळाली. आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी संपत आली आहे.

तुमची,
मनू