किलो आणि कोटी छापता, फुफ्फुसांचं पण छापा

मा. संपादक, नमस्कार.

एमडी म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक ड्रग पकडलं, इतके किलो, इतक्या कोटींचं, अमुक एमआयडीसीतली फॅक्टरी सील, ह्या बातम्या आता रोजच्याच झाल्यात. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या एमडी फॅक्टरीचं प्रकरण निघालं तेव्हा तर पानंच्या पानं भरून आली, पण हा माल घेणाऱ्या पोराच्या छातीत काय होतं यावर मला तरी चार ओळी दिसल्या नाहीत. मी फार्मसीच्या मुलांना शिकवतो म्हणून राहवलं नाही.

ड्रग्ज म्हटलं की लोक डोक्याचं बोलतात, फारतर हार्टचं. फुफ्फुसं म्हणजे सिगारेट आणि गांजा एवढंच डोक्यात बसलंय. पण एमडीसारखीच मेथ (मेथॅम्फेटामिन), कोकेन ही उत्तेजक द्रव्यं नाकाने घ्या, सुईने घ्या नाहीतर ओढा, शरीरातलं सगळं रक्त फुफ्फुसातून जातंच की, आणि मेथ घेतलेल्यांचे स्कॅन काढले तेव्हा ते फुफ्फुसात भरपूर साठलेलं दिसलं. तिथे पेशींमध्ये ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, वाढतात. त्यांना आवरायला ग्लुटाथायोन हे शरीराचं स्वतःचं रक्षक रसायन असतं, फुफ्फुसाच्या आतल्या ओल्या थरात तर ते रक्ताच्या प्लाझ्मापेक्षा शंभर पटीहून जास्त, कारण या अवयवाला चोवीस तास हवेशीच झुंजायचंय. तेही पुरेनासं झालं की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड हे रॅडिकल्स फस्त करतात, वाहिन्या आवळतात, भिंती जाड होतात आणि हार्टची उजवी बाजू दमते. हेच पल्मनरी हायपरटेन्शन, फुफ्फुसातल्या वाहिन्यांचं वाढलेलं प्रेशर. दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या बीपीत ते दिसत नाही. सगळा दोष रॅडिकल्सचाच असंही नाही, सेरोटोनिन या शरीरातल्याच दुसऱ्या रसायनाचाही हात आहे.

आणि हे काही नवीन नाही हो. 1965 मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत भूक मारणारी अमिनोरेक्स नावाची गोळी आली, अ‍ॅम्फेटामिनच्याच जातकुळीतली, थोड्याच वर्षांत तिकडे या आजाराचे पेशंट एकदम वाढले आणि गोळी मागे घ्यावी लागली. फेनफ्लुरामिन या भूक मारणाऱ्याच दुसऱ्या औषधाचं 1997 मध्ये अमेरिकेत तेच, तिथे हार्टच्या झडपाही गेल्या. ही तर डॉक्टरांनी लिहून दिलेली, मोजूनमापून बनवलेली औषधं होती! मग गल्लीत मिळणाऱ्या पुडीचं काय सांगावं.

क्रॅक कोकेन ओढल्यावर एकदोन दिवसांत ताप, खोकल्यातून रक्त, एक्सरेत पांढरे डाग असंही होतं, आणि धूर दाबून धरण्याच्या नादात फुफ्फुस फुटून हवा छातीत भरते ते वेगळंच. वर जिममधले गुरुजी सांगतात, व्हिटॅमिन सी नि ग्रीन टी घे, सगळं क्लीन होतं. काही क्लीन होत नाही, जाड झालेली वाहिनी ग्रीन टीने पातळ होत नसते.

खरी अडचण दवाखान्यात आहे. पंचविशीतलं पोर जिना चढताना धापा टाकतं, आईवडील सोबत बसलेले, ते काय कप्पाळ सांगणार, मग दमा समजून इनहेलर मिळतो आणि महिने जातात. डॉक्टरांनी आईवडिलांना दोन मिनिटं बाहेर बसवून स्पष्ट विचारावं आणि गरज वाटली तर टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) करायला सांगावं. पोलिसांच्या भीतीने पोरं बोलत नाहीत, पण एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम 64अ आहे, थोड्या मालासाठी किंवा सेवनासाठी केस झालेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. हे किती घरांना माहितीये?

तुम्ही एक करा, पकडलेल्या मालाची प्रत्येक बातमी छापताना खाली 14446 हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर टाका, एका ओळीची जागा लागेल.

आपला,
एक वाचक, पुणे